राक्षसभुवनचें स्नान

गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्या दक्षिण तीरावर, गेवराई तालुक्यांत, राक्षसभुवन हें शनिदेवाचें प्रसिद्ध क्षेत्र आहे. एका शनि-अमावास्येस आम्ही सहकुटुंब तेथें स्नानास गेलों. कांठावर पाऊल ठेवण्यास जागा नव्हती. उथळ पाण्यांत तर माणसास माणूस खेटलें होतें.

आमचा पुतण्या शहरांतील तलावांत पोहावयास शिकलेला. गर्दीस कंटाळून तो पलीकडील मोकळ्या, शांत पाण्याकडे निघाला. तोंच एक वृद्ध नावाडी ओरडला, “दादा, तिकडं कुणी न्हाई ते उगीच न्हाई. तिकडं थांग न्हाई!” वाळूच्या उपशानें पात्रांत खोल खड्डे पडले आहेत. वरून पाणी निश्चल दिसतें. परंतु एका पावलास गुडघाभर, तर दुसऱ्यास डोक्यावर. शिवाय खड्ड्याची कड पायाखालींच ढासळते.

बरें, गर्दींत तरी मनुष्य सुरक्षित असतो काय? तेथें जो तो डुबकी घेत असतो. त्यांत एखादा खालीं गेला तर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नाकातोंडांत पाणी गेलेल्यास हांक मारतां येत नाहीं. आणि जो धांवून जातो, त्याच्याच गळ्यास बुडणारा मिठी घालतो.

याच ठिकाणीं ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं निजाम अलीचें कांहीं सैन्य फुगलेली गोदा उतरून पलीकडे गेलें असतां, अलीकडे राहिलेल्या सैन्यास थोरल्या माधवराव पेशव्यांनीं गांठलें. दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. त्याचा धनी पैलतीरावर असहाय राहिला. पाणी मध्यें आलें म्हणजे जवळचें माणूसही असें दूर होतें. आतां तर वरच्या अंगास पैठणचें जायकवाडी धरण आहे. १९७६ पासून नदीचा चढउतार त्याच्याही हातीं आहे. तेथून पाणी सुटलें कीं येथें आभाळ निरभ्र असतांही नदी चढते.

तेव्हांपासून आमच्या घरीं नियम झाला आहे. पाण्यांत उतरण्यापूर्वीं तेथल्या माणसास विचारावें, दोघांदोघांनीं उतरावें, एका वडील माणसानें कोरडें राहून केवळ माणसें मोजावींत, व प्रसंग आल्यास हात न देतां दोर किंवा धोतर फेंकावें.

पुतण्यानें त्या दिवशीं कांठावर बसून तांब्यानेंच स्नान केलें. स्वारी रुसली होती खरी. परंतु परततांना गाडींत मोजणी पुरी भरली, यांतच आम्हांस सर्व पुण्य पावलें.