खांद्याचे देणे

मराठीत 'खांदा' हा शब्द स्वतःविषयी फारसे बोलत नाही. तो सदैव ओझ्याविषयी बोलतो. आपण कुणाला खांदा देतो, जबाबदारी खांद्यावर घेतो, खांद्याला खांदा लावून लढतो. पालखीच्या भोयांनी किंवा तिरडीच्या खांदेकऱ्यांनी करायचा खांदेपालट आता मंत्रिमंडळात होतो आणि तिथे तर खांदा कुणाचाच दुखत नाही. वाक्प्रचारांची ही यादी आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. लिहिणारा उजवा खांदाच जेव्हा वर जाईनासा झाला, तेव्हा या यादीत खुद्द खांद्याच्या दुखण्याला जागा नाही, हे आम्हांस प्रथम जाणवले.

खांद्याचा सांधा मोठा विलक्षण. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीशी, बशीत ठेवलेल्या लिंबासारखा, जेमतेम टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. हे लिंबू बशीतून घरंगळू नये म्हणून चार स्नायूंच्या कंडरा त्याला टोपीसारख्या वेढून असतात. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी ती कंडरा. या चौघींतली वरची, सुप्रास्पायनॅटसची, हाडांमधल्या चिंचोळ्या जागेतून जाते, वयाबरोबर झिजते आणि बहुधा तीच फाटते. आमचीही तीच फाटली होती.

शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. मानेपाशी दिलेल्या सुईने हात बधिर झाला होता. शुद्धीवर आल्यावर स्वतःचा हात शेजारी परक्यासारखा पडलेला पाहणे, हा अनुभव कोणत्याही नवकथेत शोभला असता. शल्यविशारदांनी समजावले ते असे : दंडाच्या हाडात बारीक खुंट्या बसवून त्यांच्या धाग्यांनी फाटलेली कंडरा हाडाशी ओढून बांधली आहे. मात्र टाका सांधत नाही, तो केवळ जवळ धरून ठेवतो. सांधायचे काम शरीराचे, आणि ते आठवड्यांच्या हिशेबाने चालते. म्हणून सहा आठवडे हात झोळीत. शिवाय जे सांधते तेही मूळचे नव्हे. कंडरेतून कूर्चेत आणि कूर्चेतून हाडात असे जे निसर्गाने पायरीपायरीने केलेले संक्रमण असते, ते पुन्हा तसेच घडत नाही. तिथे व्रणाची ऊती येते. त्रुटित पोथीत संपादकाने घातलेल्या अनुमानित पाठासारखी ती असते : अर्थ लागतो, पण पाठ मूळचा नसतो.

या शस्त्रक्रियेच्या इतिहासात एक नाव ठळक आहे. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी फाटलेली कंडरा शिवल्याचे वृत्त १९११ साली प्रसिद्ध केले. १९३४ साली खांद्यावर एक ग्रंथच लिहिला. वाकून हात लोंबता सोडायचा आणि लंबकासारखा झुलू द्यायचा, हा आज घरोघरी करवला जाणारा व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु त्यांचा खरा हट्ट निराळा होता. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने रुग्णाचे काय झाले, हे प्रत्येक रुग्णालयाने विचारावे, नोंदवावे आणि जाहीर करावे, असे ते म्हणत. सहकाऱ्यांना हा प्रश्न रुचला नाही. १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पद सोडले. १९४० साली ते वारले, आणि त्यांच्या दफनस्थानी नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडावे लागले.

झोळीच्या पाचव्या आठवड्यात गावी आमचे थोरले काका गेले. तिरडी उचलताना आम्ही सवयीने पुढे झालो. धाकटा चुलतभाऊ हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही नुसते मागून चाला." ज्यांनी आम्हांला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्यांना चार पावलेही खांदा देता आला नाही. विसाव्यापाशी खांदेपालट झाला. सुटलेला प्रत्येक जण दुसऱ्या हाताने आपला खांदा दाबीत बाजूला होत होता. एरवी आम्हीही त्यांतलेच असतो आणि ते दिसले नसते. ओझे संपले की खांद्याची विचारपूस ज्याची त्यानेच करायची, अशी ही रीत.

माणसाच्या खांद्यापुरती. बैलाच्या खांद्यासाठी मात्र मराठीने शब्द राखून ठेवला आहे : खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी जुवाने घट्टे पडलेले बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकायचे, त्यांना तूप-हळद चोळायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. वर्षभर वाहिलेल्या भाराची ही वर्षातून एकदाची चौकशी. बोस्टनच्या त्या हट्टी शल्यविशारदाला ही रीत कळती, तर त्याला ती परकी वाटली नसती.

आता आम्ही पुन्हा वर्गात जातो. हात छातीच्या उंचीपर्यंत लिहू शकतो, त्यामुळे फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहतो आणि मागच्या बाकांवरची मुले मान उंचावून वाचतात. यंदा वाक्प्रचारांच्या यादीत शेवटी 'खांदेमळणी' लिहिले. अर्थ विचारला, तेव्हा शेतकरी घरांतले तीन हात वर झाले, सहज, पूर्ण उंचीपर्यंत. आम्ही ते क्षणभर पाहत राहिलो.

शल्यविशारदांनी वर्ष पुरे झाल्यावर दाखवायला बोलावले आहे. ती तारीख आम्ही पंचांगावर खूण करून ठेवली आहे.