पर्मिशन डिनाइड

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच... आळस. पण मध्यंतरी सांगलीला जाऊन आले आणि येताना पिशवीत काकूने दिलेल्या भडंगाच्या पुड्यासोबत एक जुनी हार्ड डिस्क आली. त्या डिस्कने माझे तीन रविवार खाल्ले. भडंग पहिल्याच रविवारी संपलं.

डिस्क काकांची. काका गेले त्याला आता वर्ष होईल. ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि घरात कॉम्प्युटर आणणारे आमच्या खानदानातले पहिले. दर पाडव्याला ते सगळ्या नातेवाइकांना एक कागद वाटायचे. आजोबांचं श्राद्ध अमुक तारखेला, आजीचं तमुक, शिवाय सगळ्या पोरांचे तिथीने वाढदिवस. डॉट मॅट्रिक्सची करकर ऐकू आली की समजायचं, काकांचं पंचांग निघालं. त्यासाठी त्यांनी सी भाषेत स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता.

काकू म्हणाली, "ह्यांची तिथी ह्यांच्याच पंचांगातून निघाली तर बरं वाटेल गं. भिंतीवर कालनिर्णय आहेच, पण..."

त्या 'पण'च्या पुढे ती काही बोलली नाही. मी डिस्क पिशवीत टाकली.

(इथून पुढे थोडं तांत्रिक आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल उड्या मारत वाचावं. कमांड वगैरे सगळं नागरीत लिहिते आहे, कारण काकू वाचणार आहे.)

डिस्क 40 जीबीची, जुन्या रुंद पट्टीच्या केबलवाली. एक अडॅप्टर आणून ती यूएसबीला जोडली. दोनदा खरखरली आणि फिरायला लागली. तिच्यावर 2003 सालचं रेड हॅट लिनक्स 9, माझ्या लॅपटॉपवर डेबियन 13. म्हणजे मधे वीसेक वर्षांचं अंतर. जुन्या डिस्कवर चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून ती फक्त वाचण्यापुरती माउंट केली आणि काकांच्या होम फोल्डरमध्ये शिरायला गेले. उत्तर आलं, पर्मिशन डिनाइड. परवानगी नाही.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले सगळे 'इतर'. या तिघांना वाचणं, लिहिणं आणि चालवणं अशा तीन परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचा 1. यांची बेरीज करून तीन आकडे होतात. 755 म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांनी वाचावं आणि चालवावं, हात लावू नये. 700 म्हणजे मालक सोडून कोणालाच काही नाही. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे आत शिरणं. हे सगळं मला काकांनीच शिकवलं होतं, बारावीच्या सुट्टीत, आंबे खाता खाता.

रेड हॅट प्रत्येकाचं होम फोल्डर मुळातच 700 करून ठेवायचं. म्हणजे हे दार काकांनी लावलेलं नव्हतं, घर बांधणाऱ्यानेच तसं दिलं होतं. गंमत मालकाच्या नावाची. यादी काढली तर मालकाच्या जागी काकांचं नाव नाहीच, नुसता आकडा, 500. कारण डिस्कवर मालक म्हणून नाव लिहिलेलंच नसतं, फक्त नंबर असतो. त्या नंबराचा माणूस कोण, हे त्या त्या मशीनच्या वहीत असतं. जुन्या रेड हॅटमध्ये माणसांचे नंबर 500 पासून सुरू व्हायचे, डेबियनमध्ये 1000 पासून होतात. माझ्या मशीनच्या वहीत 500 नंबरचा कोणीच नाही. काकांच्या मशीनवर जो पहिला माणूस होता, तो माझ्याकडे नुसता नंबर झाला.

याचा मला उगाच त्रास झाला. असो.

सुडो म्हणून रूट झाले. रूटला कोणी अडवत नाही. पंचांगाचा फोल्डर सापडला, तो पेनड्राइव्हवर घेतला, डिस्क नीट बंद करून ठेवली. पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम चालवायला गेले. पर्मिशन डिनाइड! चमॉड करून चालवण्याची परवानगी दिली. चमॉडने काही तक्रार केली नाही. पुन्हा चालवला. पर्मिशन डिनाइड!! पुन्हा चमॉड. तेच. अर्धा तास मी स्वतःला शिव्या देत होते, मग ट्यूब पेटली. पेनड्राइव्ह फॅट पद्धतीचा. फॅटमध्ये मालक, परवानग्या हे लिहून ठेवायची जागाच नसते. चमॉड मुकाट हो म्हणतं आणि काहीच करत नाही. असे लोक आपल्या ओळखीत असतातच. :)

फोल्डर लॅपटॉपच्या डिस्कवर आणला, चमॉड केला, या वेळी तो टिकला. चालवला. आता नवीन उत्तर, "अशी फाइल किंवा फोल्डर नाही." अरे, नाही कशी? समोर दिसतेय! यादीत आहे, आकार दाखवतेय, आणि शेल म्हणतं नाहीच. हा लिनक्सचा सगळ्यात खोटारडा निरोप असावा. फाइल कमांडला विचारलं तेव्हा कळलं की प्रोग्रॅम 32 बिटचा, जुन्या 386 जातीचा. अशा प्रोग्रॅमला मेमरीत चढवणारी एक वेगळी 32 बिटची फाइल लागते, ती माझ्या 64 बिटच्या मशीनवर नव्हती. 'नाही' होती ती ही मदतनीस फाइल. निरोप तिच्याबद्दल होता, मी समजले काकांच्या प्रोग्रॅमबद्दल.

ती मदतनीस फाइल घालता आली असती, पण मला आता चेव चढला होता. मूळ सोर्स होता, तोच नव्याने कंपाइल करू म्हटलं. जीसीसी लिहिलं, तर मशीन म्हणे ही कमांड सापडत नाही. कंपायलरच नव्हता! बिल्ड-इसेन्शियल नावाचं पॅकेज घातलं, त्यात कंपायलर, हेडर फाइल्स, मेक असं सगळं एकदम येतं. जीसीसी पहिल्यांदा आला 1987 साली, आणि फुकट व मोकळा कंपायलर मिळतो याचं काकांना कोण कौतुक! त्याआधी ते कॉलेजातल्या टर्बो सीवर काम करायचे.

सोर्स उघडला आणि मी थांबले. वरती काकांची टिपणं. टर्बो सीची 'कोनियो' हेडरची ओळ त्यांनीच बाद करून ठेवलेली, शेजारी लिहिलेलं, "लिनक्सवर हे चालत नाही." खाली एके ठिकाणी, "इथे सुधारायचं आहे." आणि आणखी खाली, "तपासणी: 24 ऑक्टोबर 1995, ग्रहण." अगदी त्यांच्या आवाजात ऐकू आलं.

कंपाइल केलं तर चुकांची रांग. काकांच्या पद्धतीने मेनच्या आधी काही प्रकार लिहिलेला नाही, एकदोन हेडर जोडायची राहिलेली. पूर्वीचे कंपायलर अशा गोष्टी समजून घ्यायचे, फार तर कुरकुर करायचे. जीसीसीच्या 14व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2024 पासून, त्या सरळ चुका धरल्या जातात. सोर्स दुरुस्त करणं सोपं होतं. पण मला त्यात हात घालावासा वाटेना. त्याऐवजी कंपायलरलाच सांगितलं की बाबा, हे 89 सालच्या नियमांनी वाच. तसा पर्याय असतो, जीएनयू 89 म्हणून. लगेच निवळला. जुन्या माणसाशी जुन्या नियमांनी बोललं की काम होतं.

एक तक्रार उरली. साइन सापडत नाही. त्रिकोणमितीचं सामान वेगळ्या गणिती लायब्ररीत असतं आणि ती जोडायला शेवटी वजा एल एम लिहावं लागतं. तेही लिहिलं. एक इशारा आला, की यात 'गेट्स' वापरलंय, ते धोकादायक आहे, वापरू नये. ते खरंच आहे, समोरच्याने किती लांब ओळ टाइप केली याला गेट्स मर्यादाच घालत नाही. पण काकांच्या प्रोग्रॅमला काकांखेरीज कोण टाइप करणार होतं?

मग टिंब आणि तिरकी रेघ देऊन प्रोग्रॅम सुरू केला. (लिनक्समध्ये तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथला प्रोग्रॅमही पत्ता दिल्याशिवाय चालत नाही.) काळ्या पडद्यावर प्रश्न आला, दिवस, महिना, वर्ष, वेळ?

तिथीचं गणित ऐकायला सोपं आहे. चंद्राच्या स्थानातून सूर्याचं स्थान वजा करायचं. दर 12 अंशांना एक तिथी, 360 अंशांत 30. चंद्राचा वेग कमीजास्त होतो म्हणून तिथीही लहानमोठी होते, आणि त्यासाठीच ते साइन. मी काकांचीच तपासणी घातली. 24 ऑक्टोबर 1995, दिवाळीतलं ते खग्रास ग्रहण. सकाळी नऊला अमावास्या. अकराला प्रतिपदा. बरोबर!

मग काकांची तिथी. ते गेले पंचमीला. मी कालनिर्णयातली श्राद्धाची तारीख आणि सूर्योदयाची वेळ घातली. उत्तर आलं, चतुर्थी.

म्हणजे एक दिवस चुकतोय. पुन्हा दोन तास सोर्समध्ये डोकं घातलं, वाटलं जुन्या नियमांनी कंपाइल करण्यातच काही गोंधळ झालाय. शेवटी काकूला फोन केला.

"किती वाजताची घातलीस?"

"सूर्योदयाची. पंचांगात तिथी सूर्योदयाचीच बघतात ना?"

"अगं, श्राद्धाला अपराह्न बघतात. दुपारची घाल."

अडीच वाजताची घातली. पंचमी! इकडे दोन तास मी कंपायलरवर संशय घेत होते आणि तिकडे काकूने कुकरची शिटी मोजता मोजता बग काढला. "हे सगळं मीच सांगायचे त्यांना," ती म्हणाली, "हे फक्त टाइप करायचे."

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण काकांच्या होममध्ये आणखी एक फोल्डर होता. बाकी सगळे 775, म्हणजे रेड हॅटच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे मोकळे. हा एकटा 700. हा मशीनने केलेला नव्हता. मुद्दाम, हाताने कमांड देऊन लावलेला. नाव 'काहीनाही'.

मी रूट होते. एक कमांड, की आतलं सगळं समोर. परवानग्या पाळायला लावतं ते चालू असलेलं मशीन. डिस्क दुसऱ्याच्या मशीनला जोडली आणि तो रूट असला, की त्या परवानग्या म्हणजे नुसती विनंती उरते. कमांड टाइपही केली होती. एंटर मारला नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही, बराच वेळ बोट तिथेच होतं.

काकूला सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "तुला उघडता येतं?"

"येतं."

"असं कुणालाही उघडता येतं, हे ह्यांना माहीत होतं?"

माहीत होतं. मलाच तर सांगितलं होतं त्यांनी, त्या आंब्यांच्या सुट्टीत. मी म्हटलं होतं की रूटला सगळं दिसतं तर मग परवानग्यांचा उपयोग काय? काका म्हणाले होते, "ही कडी आहे, कुलूप नव्हे. कडी लावतात ती आपल्या माणसांसाठी." तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं.

हे काकूला सांगितलं. ती म्हणाली, "मग राहू दे. मला बघावंसं वाटलं तर सांगेन."

एक अडचण होती. डिस्क जुनी, कधीही बंद पडेल, आणि मग 'सांगेन'ला अर्थ राहणार नाही. पण रूटला न बघताही कॉपी करता येते. सीपीला वजा ए दिलं की मालक, परवानग्या, तारखा सगळं जसंच्या तसं येतं. अख्खं होम तसं उतरवून घेतलं, एक प्रत माझ्याकडे, एक वेगळ्या डिस्कवर काकूकडे पाठवली. त्यावर तो फोल्डर तसाच आहे. मालक 500, परवानगी 700.

श्राद्धाला सांगलीला जायचं आहे. पुढच्या वर्षाच्या तिथींचा कागद तयार आहे, सगळ्यांना मेल करते आहे. ज्यांचा वाढदिवस चुकला असेल त्यांनी आधी आपली जन्मवेळ तपासावी, मग माझ्याशी भांडावं.

काकूने अजून काही सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.