धुऱ्यावरची झाडं

बेसा, बेलतरोडी ही आमच्या लहानपणी नागपूरबाहेरची गावं होती. तिथे वावरं होती, संत्र्याचे बगीचे होते आणि धुऱ्याधुऱ्यावर बाभूळ, हिवर, बोर, कडुलिंब, एखादा जुना आंबा. पाडव्याचा कडुलिंब आम्ही धुऱ्यावरून आणायचो. आदल्या संध्याकाळी जायचं, कोवळा पाला बघून डहाळा वाकवायचा, आणि मोठी फांदी मोडली तर आजोबांची बोलणी खायची. बाभळीचं लाकूड बंडीला, वखराला लागायचं. यंदा कोणती बाभूळ तोडायची नि कोणती राखायची, हे घरात बसून ठरायचं.

आता तिथे लेआउट आहेत. पाडव्याचा डहाळा चौकात विकत मिळतो, वटसावित्रीला वडाची फांदीही मिळते. झाडापाशी जायचं कारणच उरलं नाही.

ते दिवस सुखाचे होते, असं मात्र म्हणवत नाही. चुलीच्या धुरानं आमच्या आयांना खोकला जडला, जळणाच्या मोळ्या त्यांनीच डोक्यावरून वाहिल्या. गॅस आला, फार चांगलं झालं. पक्कं घर आणि नळाचं पाणी आम्हालाच हवं होतं. वावरंही आमच्याच माणसांनी विकली, कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी कर्ज फेडायला. आणि झाडं आम्हीही जाळलीच. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धा कार्बन असतो. झाडानं तो हवेतून घेतलेला असतो, चुलीत जळला की हवेत परत जातो.

पण तेव्हा तोडलेल्या बाभळीशेजारी शेंगांतून नवी बाभूळ उगवायची. बगीचा म्हातारा झाला की जंबेरीच्या खुंटावर डोळे भरलेली संत्र्याची नवी कलमं लागायची. हवेत गेलेला कार्बन झाड होऊन त्याच वावरात पुन्हा उभा राहायचा. बंडीच्या चाकात गेलेला तर वर्षानुवर्षं चाकातच राहायचा.

आता झाड जातं आणि वर सिमेंट पडतं. रस्ते सिमेंटचे, अंगणं पेव्हिंग ब्लॉकची. झाड तोडण्यापेक्षाही माती झाकण्याचं दुःख मला मोठं वाटतं, कारण त्यानंतर तिथे काही उगवतच नाही.

2021 मध्ये अजनीच्या रेल्वे कॉलनीतली हजारो झाडं नव्या स्टेशन प्रकल्पात जाणार म्हटल्यावर नागपूरकर ‘अजनी वन’ वाचवायला उभे राहिले. त्याच वर्षी राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती झाली. आता शहरात झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. कायदा चांगला आहे, पण हिशेब मांडून बघा. कोरडं वजन टनभर असलेल्या कडुलिंबात अर्धा टन कार्बन असतो, म्हणजे हवेतून घेतलेला सुमारे 1.8 टन कार्बन डायऑक्साइड. रोपात तो किलो-दोन किलो. झाड साठ वर्षांचं धरून साठ रोपं लावली आणि साठही जगली, तरी बरोबरी व्हायला कित्येक वर्षं जातात. नागपूरच्या 45 अंशांच्या मे महिन्यात पाण्यावाचून साठही जगत नाहीत.

मोठ्या लेआउटमध्ये मोकळी जागा तशीही सोडावीच लागते. ती जुन्या झाडांभोवती सोडा. नकाशा मंजुरीला जाण्याआधी धुऱ्यावरचं प्रत्येक झाड त्यात दाखवा, आणि प्लॉट घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी तो नकाशा मागून बघा.