बोटभर उंची

गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या घरीं पंधरा दिवस एकाच विषयावर वाद चालला होता. विषय राजकारणाचा नव्हता कीं लग्नकार्याचाहि नव्हता. आमच्या गाडीचे चारी टायर चांगले शाबूत असतां ते काढून त्यांच्या जागीं मोठ्या मापाचे टायर बसवावे किंवा नाहीं, एवढाच काय तो प्रश्न होता. परंतु लहान प्रश्नांना आपल्या पोटांत मोठे प्रश्न दडवून ठेवण्याची खोड असते, आणि रेणापूरसारख्या गांवांत वादाला वेळहि मुबलक मिळतो.

मोठ्या टायरांचा पक्ष आमच्या चिरंजीवांचा. लातूरच्या कॉलेजांत यंत्रशास्त्र शिकत असल्यामुळें त्यांच्या हातीं कागद आणि पेन्सिल होती. आमच्या हातीं केवळ पितृत्वाचा अधिकार. टायरच्या कुशीवर जे आंकडे उमटवलेले असतात त्यांकडे आम्ही आजवर, औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरांकडे पाहावें तसेंच, म्हणजे न वाचतां, पाहत आलों होतों. चिरंजीवांनीं ते आम्हांला वाचावयास शिकविलें. आमच्या टायरवर २१५/७५ आर १५ असें लिहिलें होतें. पैकीं २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा पंचाहत्तर. 'आर' ही आंतील दोऱ्यांच्या ठेवणीची खूण. आणि १५ हा आंतील लोखंडी चाकाचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळींत मिलिमीटर, शेंकडा आणि इंच इतक्या गुण्यागोविंदानें नांदतांना पाहून आम्हांला मोठें कौतुक वाटलें.

चिरंजीवांना हवे होते ते २३५/७५ आर १५. हिशेब मांडला तेव्हां जुन्या टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर निघाला व नव्याचा ७३३.५. म्हणजे वाढ तीस मिलिमीटरांची. परंतु व्यास तीसांनीं वाढला तरी आंस जमिनीपासून वर उचलला जातो तो त्याच्या निम्म्यानेंच, पंधरा मिलिमीटरांनीं. आम्हीं आपलें बोट पट्टीवर आडवें ठेवून पाहिलें. एक बोट भरलें.

एका बोटासाठीं एवढा खटाटोप कां, हें ज्यांनीं आमच्याकडची काळी जमीन पावसांत पाहिली नाहीं त्यांना सांगितलें पाहिजे. ही माती उन्हाळ्यांत इतकी भेगाळते कीं भेगेंत हात जावा. आणि पाऊस पडला कीं तीच फुगून लोण्यासारखी होते. आमचें शेत पक्क्या सडकेपासून अर्ध्या कोसावर आहे आणि मधली वाट म्हणजे निव्वळ पाणंद. आदल्या आषाढांत गाडीच्या मागच्या आंसाच्या मध्यभागीं दांतेरी चाकांचा जो गोळा असतो, तो पाणंदीच्या मधल्या उंचवट्यावर टेकला आणि मागचीं चाकें जागच्या जागीं फिरत राहिलीं. शेवटीं शेजाऱ्याच्या देवणी बैलांनीं ती हजारों रुपयांची गाडी, दोन पोत्यांची बैलगाडी ओढावी तशी, बाहेर ओढून काढली. चिरंजीवांचा मुद्दा शास्त्राला धरून होता. स्प्रिंगा उंच केल्या तर गाडीचें धूड वर जातें, पण आंसावरचा तो गोळा होता तेथेंच राहतो. तो वर उचलावयाचा तर चाकच मोठें पाहिजे.

परंतु खरें बोलावयाचें तर या शास्त्राच्या आड आणखी एक गोष्ट उभी होती. पिंपळफाट्यावर चहाच्या टपऱ्यांसमोर ज्या गाड्या लागलेल्या असतात, त्यांतल्या कांहींचे टायर असे रुंद व दांडगे असतात कीं, धनी गाडींत नसला तरी त्याचा रुबाब तेथें हजर असतो. त्या गाड्यांकडे चिरंजीव ज्या नजरेनें पाहत ती आम्हीं ओळखली होती. कारण आमचीहि नजर तिकडेच जात असे.

निकाल मातोश्रींकडे गेला. त्यांनीं सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "गाडी किती उंच होईल रे?"

"एक बोट, आजी," चिरंजीव म्हणाले.

"माझ्या माहेरीं लोहार यायचा धांव बसवायला," मातोश्री म्हणाल्या. "धांव चाकाहून मोठी कापीत नसत बाबा. बोटभर लहानच कापीत."

लांकडी चाकावरील लोखंडी पट्टीला धांव म्हणतात हें नव्या पिढीच्या कानावर क्वचितच पडलें असेल. ती पट्टी चाकाच्या परिघाहून किंचित आंखूड कापून तिचें कडें करीत. मग गोवऱ्यांच्या जाळांत तें कडें लाल होईपर्यंत तापवीत. तापलें कीं लोखंड वाढे, आणि चिमट्यांनीं उचलून तें चाकावर चढवितां येई. त्यावर घागरीमागून घागर ओतली कीं धूर, वाफ आणि लांकडाची कुरकुर यांच्या गर्दींत लोखंड पुन्हां आंवळे, आरे तुंब्यांत घट्ट बसत आणि सारें चाक एकजीव होई. धांव मोठी झाली तर निसटावयाची, फार लहान झाली तर चाक मोडावयाची. मातोश्रींना एवढेंच म्हणावयाचें होतें, आणि तेवढें म्हणून त्यांनीं नातवाच्या हट्टाला परवानगी दिली. एक अट मात्र घातली: जुने टायर विकावयाचे नाहींत. लातूरच्या दुकानदारानें, "जुने द्या मालक, पैसे वजा करतो," असें दोनदां म्हणून पाहिलें; पण जुने टायर घरीं आले आणि पडवींत पोत्यांखालीं जाऊन बसले.

ते पहिले कांहीं महिने सुखाचे गेले हें आम्ही नाकारीत नाहीं. गाडी दिसावयास भारदस्त झाली. ओळखीचे लोक थांबून चौकशी करूं लागले. आम्ही मनांत म्हणालों, इ. स. १८८८ मध्यें बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें रबरी नळींत हवा भरून जें पहिलें चाक वापरांत आणलें, तें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठींच. तेव्हां मुलाच्या चाकासाठीं बापानें थोडी झीज सोसावी हें या धंद्याच्या परंपरेला धरूनच आहे.

श्रावणांत पाणंदीची परीक्षा झाली. आंसाचा गोळा या खेपेस कोठें टेकला नाहीं, हें खरें. परंतु टायरच्या खोल दांत्यांत काळी माती अशी गच्च बसली कीं, त्यांचे गुळगुळीत गोळे बनले. पूर्वीं गाडी पाणंदीच्या तोंडाशीं अडकत असे. ती आतां मध्यावर जाऊन अडकली. बैल तेच होते. त्यांना फक्त अधिक लांब यावें लागलें.

मग हळूहळू इतर गोष्टी लक्षांत येऊं लागल्या. चाक मोठें झालें म्हणजे तें एका फेऱ्यांत अधिक अंतर कापतें. पण गाडीचें मीटर फेरे मोजतें, रस्ता मोजीत नाहीं. आमच्या मापांच्या हिशेबानें गाडी शंभर किलोमीटर चालली तर मीटरवर शहाण्णवहि पुरते भरत नाहींत. वेगाचेंहि तसेंच. कांटा ऐंशीवर असतां चाकांच्या नव्या हिशेबानें त्याला त्र्याऐंशी म्हटलें पाहिजे. आम्हीं चिरंजीवांना विचारलें, "म्हणजे आपला कांटा खोटें बोलतो?" ते म्हणाले, "नाहीं बाबा, खोटें तो पूर्वीं बोलत असे. कारखान्यांत कांटा मुद्दामच थोडा पुढें दाखवील असा ठेवतात. कमी वेग दाखविणें नियमांत बसत नाहीं, म्हणून थोडा अधिकच दाखवितात. मोठ्या टायरांनीं तो जवळजवळ खरा झाला."

हें उत्तर ऐकून चिरंजीव निश्चिंत झाले, पण आम्ही मात्र अस्वस्थ झालों. आम्हांला आमचें लहानपण आठवलें. परगांवीं जावयाचें असलें कीं मातोश्री गाडीची वेळ नेहमीं अर्धा तास अलीकडची सांगत. दहाची गाडी त्यांच्या तोंडीं साडेनवाची असे. मोठेपणीं आम्हांला ही लबाडी कळली आणि आम्ही खऱ्या वेळेच्या हिशेबानें घरांतून निघूं लागलों. आयुष्यांत जितक्या गाड्या आमच्या चुकल्या, त्या सर्व त्यानंतरच्या.

आमच्या ध्यानांत आलें कीं, गाडी बनविणाऱ्यानेंहि अशी शिल्लक ठिकठिकाणीं ठेवलेली असते. कांट्यांतली शिल्लक आम्हीं खर्चून टाकली होतीच. चाक आणि वरचा पत्रा यांमध्यें जी पोकळी दिसते ती कोणाच्या विसरभोळेपणानें राहिलेली नसते. भरल्या गाडीची स्प्रिंग खड्ड्यांत दबली म्हणजे चाकाला वर जावयास ती जागा लागते. ब्रेकचें तर सर्वांत महत्त्वाचें. ब्रेक चाकाला त्याच्या मध्याजवळ धरतो आणि रस्ता चाकाला त्याच्या परिघाशीं धरतो. परीघ मध्यापासून दूर गेला कीं, तोच पाय तितक्याच जोरानें दाबूनहि गाडीला थांबविणारी ओढ कमी पडते. त्याच कारणानें चढावर आमचें इंजिन पूर्वींपेक्षां लवकर धापा टाकूं लागलें होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, कारखानदारानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदपुस्तकांतील तपशील जुळणार नाहीं असा फेरफार करण्यास गाडीच्या मालकाला मनाई केली आहे. आणि जानेवारी २०१९ मध्यें केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें तेंच तत्त्व उचलून धरलें. कायद्याची भाषा रुक्ष असते, परंतु तिचा आशय आम्हांला मातोश्रींच्या साडेनऊच्या गाडीसारखाच वाटला.

हें सारें आम्हांला कळलें होतें. पण कळलें म्हणून मनुष्य वळतोच असें नाहीं. आम्हांला वळविलें तें कार्तिकांतल्या एका संध्याकाळीं.

सोयाबीनचीं पोतीं मागें भरलीं होतीं, मातोश्री पुढें बसल्या होत्या आणि गाडी आम्हीच चालवीत होतों. कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दिवेलागणीच्या वेळीं सडकेच्या एका वळणापलीकडे उसाची बैलगाडी एकाएकीं समोर आली. तिला ना दिवा, ना लाल कांच. आम्हीं ब्रेक दाबला. गाडी वांकली, पुढच्या चाकाजवळ पत्र्याला कांहींतरी कर्रकन् घासलें, आणि जेथें ती थांबावी असें आमच्या पायाला वर्षानुवर्षें ठाऊक होतें, तेथें ती थांबली नाहीं. त्याच्या पुढें थांबली. उसाचीं हिरवीं वाढीं आमच्या समोरच्या कांचेला हलकेंच लागलीं. मोळ्यांवर मागें तोंड करून सहासात वर्षांची एक मुलगी बसली होती. ती घाबरली नाहीं. उसाचें कांडें सोलतां सोलतां ती आमच्या दिव्यांकडे पाहत राहिली. मग बैल पुढें चालूं लागले, आणि वाढीं कांचेवरून सुटलीं.

त्या चारदोन हातांतले किती टायरांच्या नांवें लिहावे, किती पोत्यांच्या आणि किती आमच्या वयाच्या, याचा हिशेब चिरंजीवांनीं पुढें आम्हांला करून दाखविला असता. आम्हीं तो मागितला नाहीं. ते सारे मिळून जर आणखी एक बोट भरले असते, तर कोणताहि हिशेब आमच्या कामाचा उरला नसता.

मातोश्री वाटेंत कांहीं बोलल्या नाहींत. घरीं आल्यावरहि बोलल्या नाहींत. सकाळीं उठून पाहतों तों पडवींतल्या टायरांवरचीं पोतीं काढून त्यांनीं घडी करून ठेवलीं होतीं.

त्याच दिवशीं चिरंजीव व आम्ही लातूरला गेलों. मोठे टायर दुकानदारानें अर्ध्याहून कमी किंमतीला घेतले, आणि आम्हीं घासाघीस केली नाहीं. परत येतांना गाडी चिरंजीवांनीं चालविली. पिंपळफाट्यावर ते थांबले नाहींत. तेवढें दुःख त्यांना होतें, आणि तें त्यांच्यापाशीं राहूं देणें आम्हांला योग्य वाटलें.

यंदा पाऊस लागल्यापासून आम्ही गाडी पक्क्या सडकेच्या कडेला कडुनिंबाखालीं उभी करतों आणि पाणंद पायीं चालतों. अर्ध्या कोसाला पाऊण तास लागतो. काळी माती वहाणांना अशी चिकटते कीं, चार पावलांत तळव्याखालीं थर बसून मनुष्य आपोआप बोटभर उंच होतो. बांधावर पोंचलों कीं चिरंजीव एक काडी मोडून आम्हांला देतात, एक स्वतः घेतात, आणि दोघे बसून ती उंची खरवडून काढतों.