एका सेनापतीचें टिपण

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या नातवानें अमेरिकन सेनापति मॅकआर्थर यांचें चरित्र वाचावयास घेतलें. घरांतील मंडळी जेवून वामकुक्षी करीत होती, आणि हा दहा वर्षांचा वीर माजघरांत पालथा पडून, एका हातानें चिवडा तोंडांत टाकीत, कोरियांतील इंचॉनच्या बंदरावर उतरत होता! चहाच्या वेळीं त्यानें आम्हांस विचारलें, "आजोबा, आपल्यांत नव्हता का हो असा कोणी?"

या प्रश्नास घरांतील एक वाद निमित्त झाला होता. सातारच्या सैनिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेस त्याला बसवावें कीं नाहीं, यावरून आमच्या कुटुंबांत दोन तट पडले आहेत. त्याची आजी तर तो विषय निघाला कीं उठून आंत जाते. तिला दोष देतां येत नाहीं. सोलापुरास लष्कराची ओळख झाली तीच मुळीं १९३० च्या मे महिन्यांत, लष्करी कायद्याच्या रूपानें. गांधी टोपी घालून रस्त्यानें जाणें हाहि अपराध ठरावा, असे ते दिवस! १२ जानेवारी १९३१ रोजीं सोलापूरचे चौघे हुतात्मे येरवड्यास फांशीं गेले. आमचे वडील तेव्हां लहान होते. पण खाकी गणवेश दिसतांच दार लोटून घेण्याची संवय त्यांची पुढें स्वराज्य आल्यावरहि सुटली नाहीं.

नातवास आम्हीं सांगितलें, "आहे तर! कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात."

थोरातांचा जन्म १९०६ चा. शिक्षण सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत. १९४५ च्या जानेवारींत ब्रह्मदेशांत कांगॉ येथें जपान्यांशीं निकराची झुंज झाली. त्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांसहि डी. एस. ओ. हें मानचिन्ह मिळालें. पण आमच्या मनांत ते भरले ते कोरियामुळें. मॅकआर्थरांनीं जें युद्ध गाजविलें, तें १९५३ च्या जुलैमध्यें थांबलें, आणि स्वदेशीं परत जाण्यास नकार देणारे २२,००० हून अधिक चिनी व कोरियन कैदी सांभाळण्याचें काम हिंदुस्थानी सैन्याकडे आलें. थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि रक्षकदलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे सिंगमन ऱ्ही यांनीं आपल्या भूमीवर हिंदी शिपायांचें पाऊलहि पडूं देणार नाहीं असें बजाविल्यामुळें आमच्या जवानांस अमेरिकन हेलिकॉप्टरांतून उचलून नेऊन छावणींत उतरवावें लागलें.

एके दिवशीं खवळलेल्या चिनी कैद्यांनीं एका हिंदी अधिकाऱ्यास आपल्या कुंपणाआड ओढून नेलें. गोळीबार केला असता तर किती प्रेतें पडलीं असतीं, कोण जाणे. थोरात निःशस्त्र आंत गेले. भोंवतीं शेंकडों माणसें ओरडत असतां त्यांनीं म्हणे असें सुनावलें कीं, चिनी लोकांच्या आतिथ्याची एवढी कीर्ति ऐकिली, आणि मला येथें कोणी साधा चहासुद्धां विचारीत नाहीं! चहा आला, सिगारेट आली, आणि शेवटीं तो अधिकारीहि सुखरूप परत आला. या प्रसंगाबद्दल त्यांस अशोकचक्र, दुसरा वर्ग, मिळालें. आजी दाराआड उभी राहून हें ऐकत होती, हें आमच्या ध्यानांत आलें होतें.

पुढील कथा सांगावी कीं नाहीं, याचा आम्हांस क्षणभर संभ्रम पडला. कारण ती आमच्या घरापर्यंत येते.

थोरात १९५७ पासून पूर्व विभागाचे सरसेनापति होते. ऑक्टोबर १९५९ मध्यें त्यांनीं एक टिपण दिल्लीस धाडलें: चीनचें आक्रमण संभवतें, ईशान्य सीमेवरील आपलें बळ अपुरें आहे, आणि लढावयाचें तर थेट सरहद्दीवर नव्हे, रस्ते जेथवर पोंचतात तेथें मागें लढलें पाहिजे. थिमय्यांनीं तें संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांजपुढें ठेविलें. मंत्र्यांनीं तें निष्कारण घाबरटपणाचें म्हणून बाजूस सारलें. थोरातांनीं मार्च १९६० मध्यें लखनौस 'लाल किल्ला' नांवाच्या सरावांत तोच धोका वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर पुन्हां मांडला. १९६१ मध्यें सेनाप्रमुखपदासाठीं थिमय्यांनीं त्यांचें नांव सुचविलें होतें, पण नेमणूक थापर यांची झाली. थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चिनी फौजा चालून आल्या, आणि महिना संपण्यापूर्वीं बोमडिला पडलें. नेहरूंनीं थोरातांस बोलावून घेतलें, तेव्हां हें टिपण आपणांस दाखविलें कां नाहीं, असें पंतप्रधानांनींच विचारल्याचें थोरातांनीं लिहून ठेविलें आहे.

त्या वर्षीं आम्ही शाळेंत होतों. चीन म्हणजे डॉक्टर कोटणीसांनीं ज्याच्या सेवेंत १९४२ मध्यें देह ठेविला तो देश, एवढेंच सोलापूरच्या मुलांस ठाऊक! आमच्या गांवांत लोकरीचें काम तें काय. पण आमच्या मातोश्री शेजारणीकडून विणकाम शिकून जवानांसाठीं मोजे विणीत बसल्या. संरक्षणनिधीसाठीं त्यांनीं हातांतील पाटल्यांच्या जोडींतील एक पाटली काढून दिली. साबण लावूनहि ती लवकर निघेना, हें आम्हांस अजून आठवतें. पुढें कित्येक वर्षांनीं थोरातांची हकीकत वाचली, त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. मोजे विणले जात होते, त्याच्या तीन वर्षें आधीं तें टिपण लिहून झालें होतें.

नातू म्हणाला, "मग त्यांनीं ओरडून कां नाहीं सांगितलं? पेपरांत कां नाहीं दिलं?"

"तुझ्या मॅकआर्थरनीं तेंच केलं," आम्हीं म्हटलें. "चीन युद्धांत पडणार नाहीं, असं त्यांनीं आधीं आपल्या अध्यक्षांस खात्रीनं सांगितलं, आणि तें खोटं ठरलं. मग चीनवरच युद्ध न्यावं, असं उघडपणें बोलूं लागले, तेव्हां एप्रिल १९५१ मध्यें ट्रुमननीं त्यांना घरीं पाठवलं. शिपायानं वरिष्ठांस सांगावं. ऐकायचं कीं नाहीं, तें लोकांनीं निवडून दिलेल्यांनीं ठरवावं."

"पण थोरातांचं बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग?"

आम्ही गप्प राहिलों. तो आईजवळ गेला. पाटल्यांच्या त्या जोडींतील उरलेली पाटली आतां सूनबाईंच्या हातांत असते. त्यानें ती दोनदां फिरवून पाहिली, आणि पुन्हां पुस्तक घेऊन पालथा पडला. अर्जाचें अद्यापि ठरलेलें नाहीं. मात्र आजी आतां तो विषय निघाला तरी उठून जात नाहीं.