य नंतर ल

खळीचा वास आला की मला देशपांडे आठवतात. कुणी एक देशपांडे नव्हेत. एका फळीवर खांद्याला खांदा लावून उभे असलेले सगळेच देशपांडे.

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांची बांधणी तिथेच होत असे. पावसाळा ओसरला की मागच्या पडवीत बाइंडर येऊन बसायचे. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं. पत्र्याच्या डब्यातल्या त्या पांढऱ्या खळीवर मग एक निळसर झाक चढे. बोटांनी ती पुठ्ठ्यावर पसरायची, वर काळपट तपकिरी कापड ताणून बसवायचं, कोपरे मुडपायचे आणि पुस्तक शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी ते बाहेर निघे तेव्हा त्याला एक ओलसर, किंचित आंबूस वास असे, आणि त्या वासाच्या तळाशी जिभेला तांब्याचं भांडं लागावं तसं काहीतरी. तो वास पुढे कितीतरी वर्षं त्या पुस्तकात राहायचा. आजही एखादं जुनं पुस्तक मधोमध उघडून मी आधी नाक खुपसते आणि मग वाचायला लागते.

या बांधणीत पुस्तकांची मुखपृष्ठं जायची. चित्रं जायची, रंग जायचे, प्रकाशकाने हौसेने काढून घेतलेली वळणदार अक्षरं जायची. उरायचा तो कण्यावर पांढऱ्या शाईने, ग्रंथपालांच्या ठाशीव हाताने लिहिलेला मजकूर: आधी आडनाव, मग नावाची आद्याक्षरं, खाली दाखल क्रमांक. सगळी पुस्तकं एकाच रंगाची, एकाच वासाची. कोण हसवणारं आणि कोण रडवणारं, हे बाहेरून कळायची सोय नाही. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन तिरपं आत येई, जाळीची नक्षी घेऊन एकेक फळी चढत जाई, आणि घड्याळात साडेपाच होता होता देशपांड्यांच्या फळीवर येऊन थांबे. त्या उन्हात मी ती पांढरी अक्षरं वाचत उभी राहत असे. देशपांडे अ. ना. देशपांडे कुसुमावती. देशपांडे गौरी. देशपांडे ना. घ. देशपांडे निर्मला. देशपांडे पु. य. देशपांडे पु. ल. देशपांडे सुनीता.

देशपांडे हे वतनाचं नाव. परगण्याचा हिशेब, दफ्तर सांभाळणारा तो देशपांडे. म्हणून वऱ्हाडात देशपांडे, कोल्हापूरकडे देशपांडे, मराठवाड्यात देशपांडे, आणि त्यांचा एकमेकांशी नातेसंबंध असलाच पाहिजे असं काही नाही. ती फळी म्हणजे एका घराण्याचा वंशवृक्ष नव्हता. वर्णमालेने शेजारी आणून बसवलेली परकी माणसं होती ती. आणि तरी, रोज संध्याकाळी त्यांना एकत्र पाहून पाहून, मला ती सगळी एकाच वाड्यात राहत असल्यासारखी वाटू लागली.

त्या फळीवरचे दोन पुरुषोत्तम मला सगळ्यांत जवळचे.

पुरुषोत्तम यशवंत देशपांडे आणि पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. नाव तेच, आडनाव तेच, मध्ये वडिलांचं एक अक्षर. तेवढ्या एका अक्षरावर दोन माणसांची ओळख तोललेली. आपल्याकडे लेखक नावाने ओळखला जातो असं आपण म्हणतो. मला मात्र त्या कण्यांकडे पाहताना नेहमी वाटायचं की आपण त्यांना वडिलांवरूनच ओळखतो. यशवंतरावांना आणि लक्ष्मणरावांना ठाऊकही नसेल, पण त्यांचं एकेक अक्षर मराठीत कायमचं राहिलं आहे. य नंतर र, र नंतर ल. मध्ये कुणी ‘पु. र.’ नव्हते, म्हणून हे दोघे अगदी लगतचे शेजारी. वयानेही पु. य. आधीचे, 1899 चे, पु. ल. 1919 चे.

आमच्या घरात या दोघांची वाटणी झालेली होती. आजोबांचं तरुणपण नागपुरात गेलेलं. ते नुसतं ‘देशपांडे’ म्हणाले की ते पु. य. असत. 1927 साली ‘बंधनाच्या पलीकडे’ आली तेव्हा आजोबा शाळेच्या शेवटच्या वर्षांत असावेत. ती कादंबरी त्यांनी कुठे, कुणाकडून आणून वाचली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण तिचं नाव घेताना त्यांचा आवाज जरा खाली येई, जणू अजूनही कुणी वडीलधारं माणूस पलीकडच्या खोलीत बसलं आहे. माझ्या पाहण्यातले आजोबा सोवळ्यातले, पहाटे उठून पूजा करणारे. त्यांच्या आत कुठेतरी बंधनं तोडायला निघालेला एक पोरगा होता, हे मला त्या खाली आलेल्या आवाजातूनच कळलं. किती उशिरा कळतात आपल्याला आपलीच माणसं!

बाबांचे देशपांडे मात्र पु. ल. ‘बटाट्याची चाळ’ 1958 ची, ‘अपूर्वाई’ 1960 ची. बाबांच्या उमेदीची वर्षं तीच. रात्री जेवणं झाल्यावर बाबा ‘व्यक्ती आणि वल्ली’ मोठ्याने वाचत. नंदा, हरितात्या, अंतू बर्वा आमच्या माजघरात येऊन बसत, आई भांडी आवरताना मध्येच थांबे, आणि अंतू बर्व्यापाशी आलं की बाबांच्या हसण्याला कसलीतरी ओल चढत जाई. आजोबा झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत. ते हसत नसत, पण झोपाळा थांबलेला असे.

आणि गंमत म्हणजे साहित्य अकादमीने दोघांनाही जवळजवळ पाठोपाठ बोलावलं. 1962 साली पु. य. देशपांड्यांच्या ‘अनामिकाची चिंतनिका’ला पुरस्कार मिळाला, 1965 साली पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला. तीन वर्षांच्या अंतराने पुरुषोत्तम देशपांडे हेच नाव दोनदा. एक पुस्तक आत, आत, जिथे ‘मी’ म्हणवणारं माणूसच विरघळू लागतं अशा जागी घेऊन जाणारं. दुसरं पुस्तक दाराबाहेर, ओट्यावर, गल्लीत, जिथे माणसंच माणसं आहेत अशा जागी. एकात माणसाला नावच नको झालेलं, तर दुसऱ्यात माणसाच्या नावाने अख्खं प्रकरण. बांधणी एक, वास एक, ऊनही तेच. ‘चिंतनिका’ मी पहिल्यांदा काढली तेव्हा मला ती फारशी समजली नाही, हे खरं. पण तिच्यातली शांतता समजली. पुष्कळ वर्षांनी, आजोबा गेले त्या पावसाळ्यात, मी ती पुन्हा वाचली. बंधनाच्या पलीकडे जायला निघालेला कादंबरीकार चालत चालत इथवर आला होता, आणि मला वाटलं, आजोबाही कदाचित त्याच वाटेने पूजेपर्यंत आले असतील.

या पु. यं.ची मुलगी निर्मला. निर्मला देशपांडे म्हटलं की पुष्कळांना त्याच आठवतात: विनोबांबरोबर भूदानाच्या पदयात्रेत गावोगाव चाललेल्या, पुढे राज्यसभेत बसलेल्या, 2008 साली गेलेल्या. त्यांनी हिंदीत कादंबऱ्या लिहिल्या, विनोबांचं चरित्र लिहिलं, ईशोपनिषदावर भाष्य केलं. वडिलांच्या चिंतनाची वाट लेकीच्या पायांनी रस्त्यावर आली, धुळीत आली. पण आमच्या फळीवरच्या निर्मला देशपांडे त्या नव्हेत. त्या दुसऱ्या, मराठी कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या; ‘टिकलीएवढं तळं’ त्यांचं. किती लहान शब्दांत केवढं पाणी मावलं आहे! ते नाव उन्हात वाचलं की मला पुस्तक उघडायचीसुद्धा घाई होत नसे. एका निर्मला देशपांड्यांनी देश पायाखाली घातला, एका निर्मला देशपांड्यांनी टिकलीएवढ्या जागेत डोकावून पाहिलं, आणि पानावर दोघींची सही अगदी एकसारखी दिसावी.

बायकांच्या नावांपाशी मी नेहमीच जरा जास्त रेंगाळले. कुसुमावती मूळच्या जयवंत, सुनीताबाई ठाकूर, गौरीबाई कर्वे. ‘देशपांडे’ त्यांच्याकडे लग्नातून आलेलं. आणि तरी त्या फळीवर त्यांच्या नावाला नवऱ्याचं अक्षर जोडलेलं नव्हतं. पुरुषांच्या कण्यावर वडील होते. यांच्या कण्यावर फक्त त्या. कुसुमावती. गौरी. सुनीता. ग्रंथपालांनी ते काही ठरवून केलं नसणार, पुस्तकावर होतं तसं उतरवलं असणार. पण वाढत्या वयाच्या मुलीने ते रोज वाचावं, याचा तिच्यावर काही परिणाम होत असेलच ना.

कुसुमावतींचे यजमान आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल. त्यांच्या कविता ‘अनिल’ याच नावाने, म्हणून त्या पार दुसऱ्या कपाटात, दाराजवळ, जिथे ऊन कधी पोचतच नसे. एकमेकांना लिहिलेल्या पत्रांवर ज्यांचं सहजीवन उभं राहिलं, ती दोघं वर्णमालेने अशी दोन टोकांना नेऊन ठेवली होती. पुढे त्या पत्रांचं पुस्तक झालं, ‘कुसुमानिल’. ते आमच्याकडे आलं तेव्हा कुठे ठेवायचं यावर ग्रंथपाल थोडा वेळ थांबले, आणि त्यांनी ते कुसुमावतींशेजारी ठेवलं. मला बरं वाटलं. 1961 साली ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेल्या त्या पहिल्या बाई. त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांच्या मागे अनिल एकटे राहिले, वीस वर्षांहून अधिक. ते पुस्तक तरी तिच्याजवळ असू दे, असं मनात येई.

आणि गौरी-सुनीता. एक महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची मुलगी. दुसऱ्या रत्नागिरीच्या, पु. लं.च्या सावलीत नव्हे तर पु. लं.च्या समोर उभ्या राहून ‘आहे मनोहर तरी’ लिहिणाऱ्या. 1990 साली ते पुस्तक आलं तेव्हा बाबांनी ते वाचून मिटलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या लाडक्या माणसाच्या घरातला एक कठोर, स्वच्छ, खरा आवाज त्यांनी ऐकला होता. तेच पुस्तक पुढे इंग्रजीत नेलं गौरी देशपांड्यांनी. नात्याने कुणी नसलेल्या दोन देशपांडे, आणि एकीचे शब्द दुसरीने इतक्या जपून पलीकडे पोचवले. ज्या बाईने ‘अरेबियन नाइट्स’ खंडामागून खंड मराठीत आणलं, तिच्या हाताला ते वजन पेलणारंच होतं. मला विचाराल तर या फळीवरची सगळ्यांत सुंदर सोयरीक हीच.

ना. घ. देशपांडे मेहकरचे. त्यांची ‘शीळ’ एवढीशी, सडपातळ. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये ती आत सरकून जाई आणि बोट घालून ओढून काढावी लागे. त्याच फळीवर अ. नां.चा मराठी वाङ्मयाचा भारदस्त इतिहास. पुष्कळदा मला वाटे, इतिहासाच्या पुस्तकाने आपल्याच फळीवरची ही कविता नीट ऐकली असेल का, इतकी वर्षं, इतक्या जवळून.

पुस्तकांच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची, त्याच खळीने. पु. लं.च्या पुस्तकांत त्या चिठ्ठीवर चिठ्ठी, तिच्यावर आणखी एक, असा थर साचलेला. जांभळ्या शिक्क्यांनी कागद जड झालेला. पु. यं.च्या पुस्तकांत एकच चिठ्ठी. वरच्या बाजूला शिक्क्यांची दाटी, कदाचित आजोबांच्या पिढीची. मग एकेक ओळ विरळ होत गेलेली. मग एक तारीख आणि तिच्यानंतर पुष्कळ वर्षांनी दुसरी. खाली कोरा कागद. त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवताना मला कसंनुसं होत असे. एवढं लिहून ठेवलेलं माणूस असं शेजाऱ्याच्या गर्दीला भिंतीपलीकडून ऐकत बसतं.

पु. लं.वरचं माझं प्रेम यामुळे तसूभर कमी होत नाही. त्यांनी आमच्या घराला जे दिलं, ते कुणी देऊ शकलं नाही. पण आज ‘पु. देशपांडे’ असं म्हटलं तर दुसरा माणूस कुणाच्या मनातही येत नाही, आणि हे मला बरोबर वाटत नाही. एक नाव एका माणसाने पुरतं भरून टाकावं आणि त्याच नावाच्या दुसऱ्याला आत उभं राहायलाही जागा उरू नये, याला त्या दोघांपैकी कुणीच जबाबदार नाही. जबाबदार आपण वाचणारे.

वाचनालयांची एक रीत असते. जागा अपुरी पडू लागली की ग्रंथपाल आधी मागची चिठ्ठी पाहतात. बरीच वर्षं शिक्का नसला की ते पुस्तक बाद करायच्या यादीत जातं, आणि यादी मंजूर झाली की रद्दीत. तेव्हा तुमच्या गावात जुनं वाचनालय असेल, तर एकदा द च्या कपाटापाशी जा. पु. ल. खुशाल घ्या, पण त्यांच्या डाव्या हाताला पु. य. असतील, तर त्यांचंही एक पुस्तक आपल्या नावावर काढा. वाचून होईल न होईल. शिक्का मात्र पडू द्या.