कुणाच्या घड्याळात?

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या एका मुलानं एक चाचणी बंद करून टाकली. वर 'इग्नोर'ची पाटी आणि शेजारी कारण : 'माझ्या मशीनवर पास होते.' ते चार शब्द वाचले आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मेव्हनबरोबर काम करणाऱ्या कुणालाही हे दुखणं नवं नाही. एक्लिप्समध्ये हिरवी पट्टी. तीच चाचणी मेव्हनमधून चालवली की लाल. माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली ती हिंजवडीत, रात्री दीड वाजता. व्याजाच्या हिशोबाची चाचणी होती, सकाळी रिलीज. वरिष्ठ म्हणाले, "स्किप टेस्ट्स लाव आणि बिल्ड काढ." त्या पर्यायाचा मला आजही राग आहे. दुखतंय कुठे ते न बघता रुग्णाचं तोंड दाबायचं! मी लावला नाही, पण कारणही सापडेना. दीडला लाल, तीनला लाल, पाचला लाल. आणि साडेपाच वाजून गेल्यावर, कोडमधलं एक अक्षरही न बदलता, हिरवी.

साडेपाच! तेव्हा उलगडलं. मेव्हनमध्ये चाचण्या चालवतो तो शुअरफायर प्लगइन. तो त्यांच्यासाठी वेगळी जेव्हीएम उभी करतो, तिचं बिऱ्हाडच निराळं. आमच्या पॉम फाइलमध्ये कुणीतरी तिच्या आर्गलाइनला यूटीसी टाइमझोन देऊन ठेवला होता. एक्लिप्स मात्र लॅपटॉपच्या, म्हणजे भारतीय वेळेवर. आमचा कोड 'आज' ठरवायचा कोलकात्याच्या टाइमझोनवरून, चाचणी ठरवायची आपल्या जेव्हीएमवरून. रात्री बारा ते पहाटे साडेपाच यूटीसीत कालचीच तारीख असते. रोज साडेपाच तास ती चाचणी लाल होण्याच्या बेतात असायची आणि दिवसा काम करणाऱ्या आम्हाला पत्ताच नव्हता.

जावाच्या टाइमझोनच्या यादीत कोलकाता आहे, मुंबई नाही. लालबागमध्ये वाढलेल्या मला हे खुपतं. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईतल्या कित्येक घड्याळांनी ती मानली नाही. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई टाइम' १९५५पर्यंत टिकली. नव्या वेळेविरुद्ध गिरणी कामगारही उठले होते.

अण्णा गिरणीत होते. रातपाळी करून सकाळी घरी यायचे. आई आम्हाला चहा-चपाती द्यायची आणि त्यांना ताट वाढायची, वरण-भातासकट. मग डोळ्यांवर ओला पंचा टाकून ते झोपायचे. एकदा शेजारची मैत्रीण खेळायला आली. मी तिला म्हणाले, "हळू बोल. आमचे अण्णा दिवसभर झोपूनच असतात." पंचा जरासा हलला. अण्णा काही बोलले नाहीत.

रात्री दीडची ती चाचणी आठवली की हा पंचा आठवतो. चाचणी खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे खरोखरच काल होता. आर्गलाइन पुसून टाकली असती तर काम भागलं असतं. पण मी कोडला घड्याळ बाहेरून द्यायची सोय केली. जावा ८मध्ये त्यासाठी 'क्लॉक' आहे. चाचणीपुरतं ते एका क्षणावर थांबवून ठेवता येतं. मी रात्री दीडचाच क्षण दिला.

परवा त्या मुलाला शेजारी बसवलं. त्याची चाचणी एकटी चालवली की पास व्हायची. मेव्हनमध्ये सगळ्या चाचण्या एकाच जेव्हीएममध्ये एकामागून एक चालतात. आधीच्या एकीनं स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवलेली उष्टी किंमत हिच्या पानात पडत होती. प्रत्येक चाचणीच्या आधी ती किंमत पुसायची एक ओळ लिहिली. चाळीस मिनिटं लागली. त्यानं स्वतःच्या हातानं पाटी काढली.

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते दिवसभर झोपत नव्हते. त्यांच्या घड्याळात तेव्हा रात्र होती. एवढं त्या मैत्रिणीला मी सांगायला हवं होतं.